गोव्याच्या हवेत चांदी: निवड आणि निगा

चांदीचा दागिना घेताना बहुतेकांची नजर प्रथम त्याच्या चमकेवर जाते. गोव्यात राहणाऱ्या माणसाने मात्र आधी एवढेच ठरवावे की, हा दागिना रोज अंगावर राहणार आहे की कपाटात. आपल्याकडे रोज वापरातल्या जोडव्या उजळ दिसतात आणि चवथीपुरते बाहेर निघणारे पैंजण दरवर्षी काळवंडलेले सापडतात. त्वचेच्या आणि कपड्याच्या सततच्या घर्षणामुळे काळा थर साठूच शकत नाही. डब्यात नुसत्या पडून राहिलेल्या दागिन्यावर त्या थराला अडवणारे असे घर्षण नसते.

हा काळेपणा म्हणजे गंज नव्हे. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो, आणि दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. ओहोटीच्या वेळी खाडीकाठच्या कांदळवनातील चिखलातून कुजलेल्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचाच असतो. मांडवीच्या किंवा झुआरीच्या काठी, खाजन जमिनींच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनींच्या) शेजारी ज्यांची घरे आहेत, त्यांनी चांदी लवकर काळी पडते म्हणून सोनारावर संशय घेण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी. शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते.

असे असले, तरी शुद्धतेची चौकशी करायलाच हवी. शुद्ध चांदी मऊ असल्याने दागिना आकार धरून राहावा म्हणून तिच्यात बहुधा तांबे मिसळतात. ९२५ या शिक्क्याचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी. चांदीवर हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, सक्तीचा नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीलाही सोन्याप्रमाणे सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळू लागला आहे, आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर पडताळता येतो. म्हणून नुसत्या ९२५ या आकड्यावर समाधान मानू नये, कारण तो आकडा कोणीही ठोकू शकतो. जर्मन सिल्व्हर या नावाने जे विकले जाते, त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी मुळीच नसते. आपल्या घामट हवेत त्यातील निकेलमुळे अनेकांच्या कानांना आणि मानेला खाज सुटते. किनाऱ्यावरच्या बाजारात अंगठी किंवा झुमके घेताना ही चौकशी विशेष करावी.

पैंजणांच्या बाबतीत मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि इतरांनीही घालवावा असे मला मनापासून वाटते. प्रत्येक घुंगरू डाग देऊन, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने सांधून, जोडलेले असते, आणि डागासाठी वापरलेल्या मिश्रणात चांदीचे प्रमाण कमी असते. त्यामुळे घुंगरू जितके जास्त, तितका संपूर्ण दागिन्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, खाली येतो आणि मोडीच्या वेळी भाव कमी मिळतो. खरेदीच्या वेळीच टंच आणि मजुरी पावतीवर वेगवेगळी लिहून घ्यावी. फासा दोन-तीनदा लावून पाहावा, कड्या बोटांनी हलक्या ताणून पाहाव्यात आणि वाळे बाळासाठी असतील, तर घुंगरू सुटून तोंडात जाण्याचा धोका ओळखून ते साधे, भरीव आणि गुळगुळीत कडांचेच घ्यावेत.

नक्षी असेल, तर ती खोल असावी. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. चांदीत उठावाचे काम किती बारकाईने करता येते, हे तिथे समजते. वरवर ओरखडलेली नक्षी मात्र काही वर्षांच्या पुसण्यात झिजून जाते.

साफसफाईसाठी कोमट पाणी, सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी आणि मऊ ब्रश एवढे बहुतेक वेळा पुरते. टूथपेस्ट आणि रांगोळी मी निक्षून टाळते, कारण त्यांतील कण काळ्या थराबरोबर चांदीही खरवडून नेतात. थर जाड असेल, तर भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरून त्यावर दागिना टेकवावा आणि खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी ओतावे. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते. मोती, पोवळे, चिकटवलेले खडे किंवा लाख भरलेले दागिने यात घालू नयेत. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचा काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, तोही या पाण्यात निघून जातो. ते फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसावेत.

समुद्रात किंवा क्लोरीन घातलेल्या तलावात उतरताना चांदी काढून ठेवावी. अत्तर लावल्यानंतर आणि ते वाळल्यावरच दागिना घालावा. ठेवताना प्रत्येक दागिना पूर्ण कोरडा करून वेगळ्या, हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. रबरबँड आणि लोकरीचे कापड यांत गंधक असते, म्हणून ते जवळ नकोत. सिलिका जेलची पुडी पावसाळ्याच्या तोंडाशी बदलावी आणि श्रावणात एकदा पिशव्या उघडून पाहाव्यात, म्हणजे थर पिवळसर असतानाच नुसत्या कापडाने पुसून काढता येतो.