गुडघा सुजला, पण दुखला नाही

उजवा गुडघा डाव्याच्या जवळपास दीडपट झालेला आणि हाताला गरम. "दुखत नाही मॅडम, पण पाय जास्त उडायला लागलेत," पेशंट म्हणाले. सहा वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर पडून छातीच्या दहाव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेली. बेंबीखाली ना हालचाल, ना संवेदना. अशा शरीरात दुखण्याचं काम पायांना आपोआप येणारे झटके करतात. झटके अचानक वाढले की खाली कुठेतरी बिघडलंय असं धरून चालायचं. गावात मुरगळ समजून गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला सांगितलं होतं. संवेदना नसलेल्या पायाला गरम पिशवी! कातडी भाजली नव्हती एवढंच बरं.

असा गुडघा आला की शंका तीन: शिरेत गुठळी, सांध्याभोवती नको तिथे तयार होणारं हाड, नाहीतर फ्रॅक्चर. डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) स्वच्छ आला, म्हणजे गुठळी नाही. एक्स-रेत मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलेलं दिसलं. पडणं नाही, आपटणं नाही.

पॅराप्लेजियात, म्हणजे कमरेखालचा भाग लुळा पडल्यावर, हाड सगळीकडे सारखं झिजत नाही. पायांवरचा भार थांबला की पहिल्या दोन-तीन वर्षांतच मांडीच्या हाडाचं खालचं आणि नडगीचं वरचं टोक सगळ्यात जास्त पोकळ होतं. यांच्या फाइलमध्ये डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट होता: कमरेचे मणके नॉर्मल. दिवसभर बसून भार घेणारे मणके नॉर्मलच येणार! मोजायला हवं होतं ते गुडघ्याजवळचं हाड, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी मोजत नाही. 'नॉर्मल' वाचून सगळे निर्धास्त.

ते रोज उभे राहायचे. उभं राहायची खुर्ची, म्हणजे बसलेल्या माणसाला आधार देऊन उभं करणारी व्हीलचेअर, एका वाटप शिबिरात मिळाली होती. हार घातला, फोटो निघाला, खुर्ची टेम्पोत चढली. माप घ्यायला टेप कोणी काढलीच नाही. २०१९ मध्ये आयआयटी मद्रासची हाताने उठणारी 'अराइज' आली, २०२४ मध्ये बटणावर उठणारी 'निओस्टँड'. अशा खुर्च्या आपल्याकडेच बनू लागल्या, ही फार मोठी गोष्ट आहे. पण खुर्ची कुठलीही असो, माणसाच्या मापाला बसवल्याशिवाय ती हातात देऊच नये.

ती खुर्ची आम्ही विभागात मागवून घेतली. बनावटीत दोष नव्हता, जुळवणी मात्र काहीच नव्हती. गुडघा अडवणारा नीपॅड थेट गुडघ्याच्या वाटीवर येत होता. तो वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या भागावर टेकायला हवा. पाऊल ठेवायची डावी फूटप्लेट उजवीपेक्षा खाली, त्यामुळे डावी टाच अधांतरी आणि जवळजवळ सगळा भार उजव्या पायावर. माणूस ५८ किलोचा, पण स्प्रिंग कितीतरी जड माणसासाठी ताणलेली. लिव्हर सोडला की हिसक्याने वर उचलायची. खुर्चीचा कमरेचा सांधा खुब्याच्या रेषेत नव्हता. असं असलं की उठताना पाठटेका सरकतो आणि पाठ मागे राहते. शर्ट वर चढतो, कातडी घासते. माकडहाडावर लाल चट्टा होताच, बोटाने दाबूनही पांढरा न पडणारा. बेडसोरची ती पहिली पायरी.

तरी मला सगळ्यात खटकते ती वेगळीच गोष्ट. घरची पिठाची गिरणी ते चालवतात. उभं राहिलं की गिरणीच्या वरच्या तोंडात दळण स्वतः ओतता येतं, म्हणून शेजारी ठेवलेला डबा ते कमरेतून वळून उचलायचे. गुडघे पॅडने आवळलेले, पावलं पट्ट्यात, आणि वरचं धड पिळलेलं. हा सगळा पीळ मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर जातो. हाड तिथेच मोडलं. पण खुर्चीतून पलंगावर जाताना पाय अडकूनही असंच मोडू शकतं, आणि संवेदना नसल्यामुळे नेमकी वेळ कोणालाच सांगता येत नाही.

पायाला जाड कापूस लावून काढता-घालता येणारा ब्रेस दिला, रोज दोनदा कातडी बघायची. अशा पायावर बंद प्लास्टर म्हणजे आत जखमेला आमंत्रण. ऑर्थोपेडिक सहकाऱ्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'उभं राहणं कायमचं बंद.' मला ते मान्य नाही. उभं राहायला लागल्यापासून त्यांचं सकाळी पोट साफ व्हायला निम्मा वेळ लागतो, रात्रीचे झटके कमी झालेत, बसून बसून आखडलेले खुबे सरळ होतात, आणि तेवढा वेळ बैठकीच्या हाडांवरचा दाब पूर्ण सुटतो. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, एवढ्यावर हे फायदे मिळतात. हाड परत भरेल असं मात्र मी कुणालाच सांगत नाही. वर्षानुवर्षं बसलेल्यांत त्याचा पुरावा कच्चा आहे. उभं राहिलं की पुढे चालता येईल, असंही नाही. त्यांच्या आईला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसलं की आधी टिल्ट टेबल, म्हणजे पट्ट्यांनी बांधून झोपवून हळूहळू उभं करणारं टेबल: ३० अंशांपासून सुरुवात, प्रत्येक टप्प्यावर बीपी. वरचा आकडा २० ने उतरला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच खाली. पोटाला बाइंडर (घट्ट पट्टा), पायांना क्रेप बँडेज, युरोबॅग (लघवीची पिशवी) आधी रिकामी, नळीला पीळ नाही. मग खुर्ची, नव्याने मापं घेऊन, ब्रेक लावूनच. उतरल्यावर आरशाने माकडहाड, टाचा, नडग्या बघायच्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी उभं राहायचं नाही.

डबा समोरून, छातीच्या उंचीवर हातात मिळाला तर पीळ पडत नाही, म्हणून गिरणीत फळी कुठे ठोकायची ते तिथे जाऊन मोजायचंय. पत्नीचं म्हणणं, संध्याकाळी दळणाला रांग लागते तेव्हा फळीवर डबा ठेवून द्यायला कोणी मोकळं नसतं. त्या वेळी त्यांनी बसूनच राहावं असं मी सांगितलंय; त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.