गुंजवणे ते वेल्हे : स्वस्तातले सामान घेऊन राजगड–तोरणा

राजगडावरून तोरण्याला जाणारी डोंगरधारेची वाट भटक्यांना नवी नाही, त्यामुळे वाटेचे वर्णन इथे थोडक्यातच येईल. माझा मामेभाऊ गेल्या डिसेंबरात प्रथमच मोठ्या चालीला येणार होता. त्याच्यासाठी सामान जमवताना आम्ही अशी मर्यादा घालून घेतली की, बूट सोडून बाकी सारे, अगदी तंबूसकट, साडेतीन हजार रुपयांत बसवायचे. त्या सामानाचे पुढे काय झाले, याची ही नोंद आहे.

नसरापूर फाट्यावरून आत वळून मार्गासनी, साखर असे करत आम्ही संध्याकाळी गुंजवण्यात पोहोचलो. गडावर मुक्काम करण्यावर वेळोवेळी निर्बंध येतात, म्हणून तंबूची परीक्षा गावातल्या एका घराच्या अंगणातच घ्यायची, असे आधीच ठरले होते. घरच्या मावशींनी आमच्या पिशव्यांकडे पाहून, "एका दिवसासाठी एवढं ओझं?" असे विचारले, आणि तो प्रश्न रास्तच होता. तंबू एकपदरी कापडाचा होता. पहाटे तीनच्या सुमारास कपाळावर पाण्याचा थेंब पडला म्हणून मी जागा झालो, तर आतल्या कापडावर बोटाने रेघ ओढता येईल इतके दव साचलेले होते. खोक्यावर छापलेला २००० मिलिमीटर हा आकडा बाहेरच्या पाण्याचा दाब कापड किती सोसेल ते सांगतो. दोन माणसांच्या श्वासातून निघालेली वाफ कुठून बाहेर जाणार, याविषयी तो काही सांगत नाही. एकपदरी तंबूच घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या असलेला घ्यावा आणि थंडी वाजली तरी त्या उघड्या ठेवाव्यात. नव्वद रुपयांची चंदेरी चादर (अंगाची ऊब राखणारी पातळ प्लॅस्टिकची, आणीबाणीसाठीची) मी अंगाभोवती घट्ट गुंडाळून पाहिली. तासाभरात आतून घाम सुटला आणि कूस बदलली की कागद चुरगळल्यासारखा आवाज होई. जखमी माणसाला वाऱ्यापासून वाचवण्यासाठी ती पिशवीत जरूर असावी, परंतु झोपायला मावशींची गोधडीच खरी उपयोगी पडली.

साडेचारला निघालो. चोर दरवाजाच्या वाटेवर, रेलिंग धरून चढायच्या टप्प्यात, भावाचा दीडशे रुपयांचा हेडलॅम्प विझला. दोन्ही हात गुंतलेले असताना डोळ्यांपुढे एकदम काळोख झाला. उघडून पाहिले तर सेल चांगले होते, पण त्यांना टेकणारी स्प्रिंग सैल पडल्यामुळे डोके हलले की जोडणी सुटत होती. गोळ्यांच्या पट्टीचा चंदेरी कागद घडी करून स्प्रिंगमागे कोंबला, तेव्हा दिवा पुन्हा लागला आणि उजाडेपर्यंत टिकला. विकत घेताना दिवा किती लख्ख आहे, एवढेच आपण पाहतो; त्याऐवजी तो कपाळावर बांधून जागच्या जागी वीस उड्या माराव्यात आणि घरी एक रात्र चालू ठेवून किती तासांनी मंदावतो ते पाहावे. मी पुढच्या वेळी दिव्यावर जास्त पैसे घालीन आणि तंबू उसना आणीन, कारण तंबू गळला तर झोपमोड होते, दिवा विझला तर माणूस पडतो.

पद्मावती माचीवर चहा झाला, पाणी भरून घेतले आणि संजीवनी माचीच्या टोकाकडून अळू दरवाजाने उतरायला लागलो. तिथेच बुटांचे प्रकरण उपटले. भावाने मित्राकडून उसने आणलेले बूट दिसायला नव्यासारखे होते, पण चार-पाच वर्षे माळ्यावर पडून होते. तळव्याचा फोम दमट हवेत आतल्या आत कुजतो, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मीही निघण्यापूर्वी बूट वाकवून पाहिले नव्हते, ही माझी चूक. उतारावर उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि प्रत्येक पावलाला जबड्यासारखा उघडझाप करू लागला. भेगेत बोट घातले तर फोमचा पिवळट भुगा हाताला लागला. पाण्याच्या बाटलीभोवती तीन-चार मीटर कापडी चिकटपट्टी गुंडाळून नेण्याची सवय इथे कामी आली. आधी पट्टीचे वेढे दिले, मग त्यावरून सुतळीने आडवे-उभे बांधले. पट्टी डांबरी रस्ता ओलांडेपर्यंतच घासून फाटली, सुतळी मात्र दर तासाला नव्याने बांधत वेल्ह्यापर्यंत पुरली. मी स्वतः अनेक वर्षे साध्या कॅनव्हासच्या हंटर शूजवर डोंगर केले आहेत. स्वस्त बुटांविषयी माझी तक्रार नाही, जुन्या आणि न वापरलेल्या बुटांविषयी आहे.

पाणी माणशी तीन लिटर घ्यावे. मधल्या धारेवर खात्रीचे पाणी नाही, आणि धनगरवाड्यावर ताक-सरबत मिळाले तर ती चैन समजावी. टाक्यातले पाणी फडक्याने गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाकावी आणि वेष्टनावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबावे; गढूळ पाण्यात गोळीचा गुण कमी येतो, म्हणून आधी ते निवळू द्यावे. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी दोरी कपडे वाळत घालायला उत्तम आहे. तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना लोखंडी शिडी लागते, तिथे भावाने ती दोरी कमरेला बांधू का, असे विचारले आणि मी साफ नकार दिला. अंगाचा भार ज्यावर टाकायचा त्या दोरावर ईएन ८९२ किंवा ईएन १८९१ असा युरोपीय मानकाचा शिक्का आणि कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या कडीवर, ती किती भार सोसेल ते सांगणारा किलोन्यूटनचा आकडा हवाच. चाव्यांच्या जुडग्याला लावायची कडी दिसायला तशीच असली तरी तिच्यावर जीव टांगू नये.

स्वस्त होकायंत्र मात्र बिनधास्त घ्यावे, कारण आपल्याकडे होकायंत्राची चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांत एका अंशाहून कमीच फरक पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे भारतीय नागरिकांना मोफत उतरवून घेता येतात. आम्ही त्याची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. पॉवर बँकेवरचा १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, फोनपर्यंत त्यातले सहा-साडेसहा हजारच पोहोचतात, हे हिशेबात धरावे. शिट्टी गळ्यात असावी, पिशवीच्या तळाशी नको : मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबणे हा मदतीचा संकेत आहे. फोनमध्ये ११२ आणि १०८ यांच्या जोडीला महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्यापूर्वीच साठवावा, कारण धारेवर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळापाशी डबा खाऊन, बिनी दरवाजाने उतरत वेल्ह्यात आलो तेव्हा अंधार पडला होता. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. आम्ही ती विचारली नव्हती. शेवटी पाबे घाटातून खानापूरकडे निघालेल्या एका टेम्पोत, रिकाम्या क्रेटांवर बसून जायची सोय झाली. हौद्यात दिवा नव्हता, म्हणून भावाने हेडलॅम्प लावला, आणि पहिल्याच खड्ड्याला तो पुन्हा विझला.