ऑपरेशन टेबलावर ठरलेला बेत बदलला तेव्हा

चढाईवरून परतताना पाय मॅटवर रुतला, गुडघा आत वळला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलं. कबड्डी सोडायची नव्हती, म्हणून ऑपरेशन ठरलं. इथवर बहुतेकांचं सारखंच असतं. मला सांगायचंय ते टेबलावर काय झालं ते.

आदल्या संध्याकाळी डॉक्टर स्वतः संमतीपत्र घेऊन आले. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून त्याचं नवं लिगामेंट करणार, हे ठाऊक होतं. त्यांनी पुढचं विचारलं: ते अपुरं पडलं तर घोट्याजवळून घेऊ, वाटीखालून की दुसऱ्या पायातून? "असं अभद्र कशाला बोलता?" आई म्हणाली. मी घोट्याचं सांगितलं. वाटीखालचं काढल्यावर गुडघे टेकताना दुखू शकतं, आणि चांगल्या पायाला हात लावू द्यायचा नव्हता. ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बोलून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलेलं, त्यामुळे मी जागी होते. टेंडन सोडवायचं हत्यार मांडीत वर सरकत असताना डॉक्टर एकदम थांबले. टेंडन अर्ध्यातच कापलं गेलं होतं. त्यापासून पोटरीच्या स्नायूकडे बारीक पट्टे जातात. एखादा न सुटता राहिला तर हत्याराची दिशा चुकते, हे त्यांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. तेव्हा मात्र पडद्यावरून वाकून एवढंच म्हणाले, "काल बोललो ना, ते घोट्याचं घेतोय." मी हो म्हटलं. छाती धडधडत होती, पण प्रश्न नवा नव्हता.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूने पेरोनियस लाँगस या स्नायूचं टेंडन काढलं, दुमडून जाडी मोजली. ८.५ मिलिमीटर! ८ च्या खाली गेलं की पुन्हा तुटायची भीती वाढते, म्हणून तो आकडा ऐकून जीव भांड्यात पडला. मग संसर्ग होऊ नये म्हणून ते व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकच्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवलं.

झालेलं सगळं डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून मिळालं, म्हणून फिजिओताईंना व्यायाम बदलता आले. मांडीमागच्या स्नायूवरचा जोर लांबवला, घोट्यासाठी रबर बँड आला. नडगीवरचा एक भाग अजून बधिर आहे. ९ महिन्यांआधी मॅट नाही, आणि त्यानंतरही एका पायाची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांवर गेली तरच चढाई, असं ताईंनी बजावलंय.