आमचा नारळ, त्यांचा बॉल

मी पेटंट एजंट. रोजचं काम पंप, व्हॉल्व आणि शेतीच्या अवजारांचं. व्हिडिओ गेमशी संबंध एवढाच, की भाचा हरला की रिमोट माझ्या हातात देतो.

9 नोव्हेंबर 2024, शनिवार. कर्वे रोडवरच्या ऑफिसात तीन पोरं लॅपटॉप घेऊन आली. गेम अर्धाअधिक तयार होता: कोकणातली भुतं पकडायची. नेम धरून नारळ मारायचा, बसला तर भूत नारळात कोंडलं जातं. पुढे तोच नारळ फेकला की भूत बाहेर येऊन आपल्या बाजूने भांडतं. खरं सांगते, कल्पना मला भारी आवडली.

पोरं घाबरली होती ती जपानच्या बातमीने. पोकेमॉन म्हणजे बॉल फेकून प्राणी पकडायचा गेम. तो काढणाऱ्या निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने 18 सप्टेंबरला टोकियोच्या जिल्हा न्यायालयात 'पालवर्ल्ड' हा तसाच प्राणी पकडायचा गेम बनवणाऱ्या पॉकेटपेअरवर दावा लावला होता, आणि कुठल्या तीन पेटंटांवरून, ते पॉकेटपेअरने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

"पण मॅडम, त्यांचा बॉल आहे. आमचा नारळ आहे!"

मला हसू आवरेना. पालवर्ल्डमधले प्राणी पोकेमॉनसारखे दिसतात म्हणून सगळीकडे आरडाओरडा झाला, पण चेहऱ्यामोहऱ्याचा मामला कॉपीराइटचा. दावा होता पेटंटचा. पेटंटात नेमका कशावर हक्क आहे, ते सांगणारा भाग म्हणजे क्लेम. त्या जपानी क्लेमचं मशीन भाषांतर मी स्क्रीनवर उघडलं. एकच वाक्य, संपता संपेना. त्यात बॉल कुठेच नाही, 'पकडण्यासाठीची वस्तू' आहे. नारळ त्यात आरामात बसतो. उद्या खेकडा फेकलात तरी बसेल.

दुसरा म्हणाला, "1996 पासून पोकेमॉनमध्ये बॉल फेकतायत की! मग ते नवीन कसं?" प्रश्न चोख होता. पण तेव्हा मेन्यूतून बॉल निवडायचा. इथे मोकळ्या मैदानात स्वतः नेम धरून फेकायचं आहे.

खरी चीड तिसऱ्याला आली. पालवर्ल्ड बाजारात आला जानेवारी 2024 मध्ये, आणि ही पेटंटं नोंदली गेली त्याच वर्षी मे ते ऑगस्टमध्ये. "चोर आधी, कायदा नंतर?" मूळ अर्ज डिसेंबर 2021 चे, हे त्यातून नंतर काढलेले डिव्हिजनल, आणि तारीख मूळ अर्जाचीच धरली जाते, हे त्याला पटेना. शेवटी सातबारा काढावा लागला. पोटहिस्सा आज पाडला म्हणून जमीन आजोबांची नव्हती, असं होतं का? गडी गुहागरचा. "आमच्याकडे नऊ वाटेकरी आहेत," म्हणाला आणि एकदम शांत झाला.

आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम 3(एम) प्रमाणे खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानतच नाहीत, हे सांगितल्यावर तिघांचे चेहरे उजळले. मग मी विचारलं, विकणार कुठे? "स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात. जपानमध्येसुद्धा." पेटंट ज्या देशाचं, त्या देशात लागू. म्हणजे पुन्हा मूळपदावर.

जपानच्या त्या दाव्यात मागितलेली भरपाई दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी 50 लाख येन. जपानी कंपन्यांच्या हिशेबात फुटकळच. पण सोबत मनाई हुकूमही मागितला होता, आणि छोट्या स्टुडिओचा जीव त्यानेच जातो.

मग तासभर क्लेमचा एकेक तुकडा लाल पेनाने तोडत बसलो. एका क्लेममध्ये दोन्ही गोष्टी लागत होत्या: पकडायला फेकणं आणि लढणाऱ्याला बाहेर काढायला फेकणं. क्लेममधली एक कडी जरी निखळली, तरी बचावाला जागा मिळते. मी म्हटलं, दुसऱ्यांदा नारळ फेकूच नका. भूत सरळ खेळाडूच्या शेजारी उभं राहू दे. जपानी वकिलाचं लेखी मत घ्या, हेही सांगितलं. फीचा अंदाज ऐकून तिघांनी चहा संपवला.

30 नोव्हेंबरला पालवर्ल्डचा नवा अपडेट आला. प्राणी बाहेर काढायला गोळा फेकणं बंद, तो आता थेट खेळाडूच्या शेजारी येतो. रात्री साडेअकराला गुहागरकराचा मेसेज:

"मॅडम, त्यांनी आपली आयडिया ढापली. दावा लावायचा का?"