तांदळातलं नाव

लग्नात तिचं नाव बदललं, तिथंच घोळ झाला. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आडनाव तर जाणारच होतं. दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसलेली पोरगी एका दुपारी दुसरीच कोणी झाली. तिचं माहेरचं नाव इथं लिहीत नाही. तिला चालणार नाही.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथं उभी राहून मी फेसबुकवर तिला शोधायची. पण कोणत्या नावानं? आणि बायकांच्या फोटोत असतं काय, तर गुलाब, गजानन महाराज, नाहीतर लेकरू. सात-आठ गुलाबांना मी रिक्वेस्ट पाठवल्या. त्यातली एक उमरेडची निघाली. ती अजूनही मला दसऱ्याला सोनं पाठवते, फोटोतलं.

शेवटी भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा तिच्या भावजयीनं नंबर दिला. डीपीवर ट्रॅक्टर आणि तिचा नवरा. म्हणजे फोन त्याचा. मी आपलं 'नमस्कार, ताई आहेत का?' असं लिहिलं. तीन दिवस नुसत्या निळ्या खुणा. चौथ्या दिवशी पहाटे सव्वापाचला तिचा आवाज, मागं भांड्यांचा खडखडाट: "ओयखलं का वं मले?"

दारव्ह्याच्या शाळेत आम्ही शकुंतलेनं जायचो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, पण ती गाडी अशी रमतगमत जायची की दोन स्टेशनांत अख्ख्या गावाच्या भानगडी बोलून व्हायच्या. घरी मार बसला असला की आम्ही एवढंच म्हणायचो, "आज गाडी लेट आहे." नवऱ्याच्या फोनवर तेच कामी आलं. बाकी सगळं सोयाबीनचं, पोराच्या तापाचं. आणि मधेच, गाडी लेट आहे. एकदा त्यानं विचारलं म्हणे, "कोन्ती गाडी? शकुंतला तं बंद हाये ना?"

मागच्या वर्षी तिला पोराचा जुना फोन मिळाला, काच तडकलेला. मला वाटलं, आता मोकळं बोलेल. तर रोज सकाळी गुलाब येतो. शुभ सकाळ, खाली सुविचार. मला राग येतो, खोटं कशाला बोलू. आठ-आठ दिवस मी ते उघडतही नाही.

परवा रात्री मात्र गुलाब नव्हता. नुसतं 'लेट आहे' एवढंच होतं. मी चप्पल घातली आणि टाकीकडं निघाले.