दोन्ही हात वर केले की खांदा का मोडतो : ब्लेंडरमधला माझा अनुभव

वारीवरच्या एका छोट्या ॲनिमेशनसाठी मला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वारकऱ्याचं पात्र रिग करायचं होतं, म्हणजे ते हलवता यावं म्हणून त्यात हाडांचा सांगाडा बसवायचा होता. अंगात सदरा, खाली धोतर, डोक्यावर टोपी, हातात टाळ. मॉडेल दुसऱ्या कलाकाराकडून आलं होतं आणि नुसतं उभं असताना फार देखणं दिसत होतं. पण वारकरी हात खाली सोडून उभा राहत नाही. तो पावली खेळतो, उडी घेतो, टाळ डोक्यावर नेतो. आणि डोक्यावर गेलेले हात ही रिगिंगमधली सगळ्यात अवघड जागा. खांदा तिथे चेपला की नाचातला आनंदच जातो, आणि मला तर तो आनंदच दाखवायचा होता.

सुरुवातच अडली. मेश (पात्राचा जाळीदार पृष्ठभाग) आणि आर्मेचर (बोन म्हणजे हाडांचा सांगाडा) निवडून कंट्रोल-पी, मग ‘विथ ऑटोमॅटिक वेट्स’ दिलं (वेट म्हणजे कुठलं बोन मेशचा कुठला भाग किती ओढतं ते), तर ब्लेंडरने बोन हीट वेटिंग जमत नसल्याचा इशारा दिला. ही पद्धत बारान आणि पोपोविच यांच्या २००७ च्या शोधनिबंधातून आली आहे. प्रत्येक बोन तापलेलं आहे असं धरायचं, आणि त्याची उष्णता पृष्ठभागावर कुठे किती पोचते त्यावरून वेट ठरवायचं. एकाच जागी दोन व्हर्टेक्स (जाळीचे बिंदू) बसले असतील किंवा फेस (जाळीचे छोटे तुकडे) आतबाहेर उलटे असतील, तर हे गणित सुटत नाही. म्हणून एडिट मोडमध्ये सगळं निवडून एम दाबून ‘बाय डिस्टन्स’ने जुळे व्हर्टेक्स एक केले, शिफ्ट-एनने नॉर्मल (फेसच्या बाहेरच्या दिशा) सरळ केले, ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए करून स्केल लावून टाकलं. पुन्हा बांधल्यावर वेट आले.

हात वर केला आणि खरं दुखणं दिसलं. खांद्याच्या माथ्यावर खड्डा, काखेत मेश एकमेकांत घुसलेली, छातीची एक बाजू हाताबरोबर ओढली गेलेली. अशा वेळी बहुतेक जण थेट वेट पेंटचा, म्हणजे मेशवर वेट रंगवायचा ब्रश उचलतात. माझं मत अगदी उलट आहे: आधी बोन आणि एज लूप (मेशवरच्या कडांच्या कड्या) बघा. त्या दोन गोष्टी चुकीच्या असतील तर ब्रशने कितीही रंगवा, एक पोझ सुधारते आणि दुसरी बिघडते.

आपला हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंशांपैकी १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० पाठीमागच्या खांद्याच्या पात्यातून. आरशासमोर उभं राहून, एक हात खांद्यावर ठेवून दुसरा वर नेऊन बघा, सगळा खांदा कानाकडे सरकतो. रिगमध्ये फक्त दंडाचं बोन फिरवलं तर तो साठ अंशांचा वाटाही बिचाऱ्या दंडालाच उचलावा लागतो. मी पोझ देताना क्लॅव्हिकलचं (गळ्यापासून खांद्यापर्यंतच्या हाडाचं) बोन आधी वर उचललं आणि राहिलेलं काम दंडावर सोपवलं. वेटला हातही न लावता खड्डा निम्म्याहून कमी झाला.

मग लूप. आलेल्या मेशमध्ये दंडाभोवतीच्या कड्या सरळ बाहीसारख्या धडाला येऊन थांबत होत्या. त्या तोडून खांद्याच्या गोलाव्यावरून छातीकडे आणि पाठीकडे वळवल्या. कोपराला तीन लूप ठेवले, बाहेरच्या बाजूला दाट. मूळ पोझमध्ये हात खाली तिरपे होते. माझ्या पात्राचे हात बहुतेक वेळ वर असणार, म्हणून ते आडवे करून तीच रेस्ट पोझ, म्हणजे बोन न हलवलेली मूळ स्थिती ठरवली. त्यामुळे डोक्यापर्यंतचं अंतर कमी झालं आणि मेशला ताणही कमी बसला.

वेट रंगवायला मी आता कुठे बसले. त्याआधी टाइमलाइनवर कसोटीच्या पोझा टाकून ठेवल्या: हात खाली, आडवा, वर, पुढे, मागे. ब्रश एका हातात आणि टाइमलाइन सरकवणं दुसऱ्या हातात, म्हणजे एका जागचा उपाय दुसऱ्या जागी काय करतो ते लगेच कळतं. ऑटो नॉर्मलाइझ (प्रत्येक व्हर्टेक्सच्या वेटची बेरीज एक राखणारी सोय) चालू ठेवायलाच हवं, नाहीतर एका बोनचं वेट कमी करताना बेरीज एकच्या खाली जाते.

टाळ वाजवताना मनगट फिरतं, तिथे वेगळीच अडचण होती. पिळलेल्या पंचासारखी मनगटाजवळ मेश बारीक होत होती. नेहमीची रेषीय पद्धत दोन बोनच्या स्थानांची सरळ सरासरी काढते, आणि पीळ वाढत गेला की ती सरासरी मध्याकडे कोसळते. आर्मेचर मॉडिफायरमधलं (सांगाड्याप्रमाणे मेश हलवणाऱ्या सोयीमधलं) ‘प्रिझर्व्ह व्हॉल्यूम’ हे थांबवतं, पण वाकलेल्या कोपराला फुगवटा आणतं. शिवाय गेम इंजिनात साधारणपणे रेषीय पद्धतच चालते. म्हणून मी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात पीळ घेणारं एक ट्विस्ट बोन घातलं आणि त्याला पंजाच्या बोनवरून ‘कॉपी रोटेशन’ (फिरण्याची नक्कल) दिलं, लोकल स्पेसमध्ये, फक्त वाय अक्षावर, म्हणजे बोनच्या लांबीभोवती, प्रभाव ०.५. पीळ सगळ्या हातभर वाटला गेला.

सदऱ्याला शरीराचेच वेट ‘ट्रान्स्फर वेट्स’ने दिले. एका जागी हे हमखास फसतं: काखेजवळ बाहीच्या आतल्या बाजूला सगळ्यात जवळचा पृष्ठभाग दंडाचा नसून बरगड्यांचा सापडतो, मग हात वर गेला तरी बाहीचा तुकडा बरगडीला चिकटून राहतो. तिथलं छातीचं वेट हाताने पुसून दंडाचं भरावं लागतं. कापडाखाली झाकलेलं शरीर मास्क मॉडिफायरने लपवलं, त्यामुळे आरपार दिसणं बंद झालं. टोपीला डोक्याचं पूर्ण वेट, टाळ सरळ पंजाच्या बोनला जोडलेले. धोतराच्या निऱ्या मात्र मी वेटवर सोडल्या नाहीत, त्यांना क्लॉथ सिम्युलेशन (कापडाची हालचाल गणिताने काढणं) दिलं.

एवढं करूनही हात अगदी टोकाला गेला की काखेमागे एक चिमटा उरत होता. त्यासाठी करेक्टिव्ह शेप की, म्हणजे मेशचा साठवलेला दुरुस्त आकार केला. हात वर असलेल्या पोझमध्येच आर्मेचर मॉडिफायर एडिट मोडला दिसेल असा ठेवून ते व्हर्टेक्स हलवले. त्या कीला ड्रायव्हर (एका मापावरून दुसरं मूल्य आपोआप बदलणारी जोडणी) लावला. क्लॅव्हिकल आणि दंड यांच्या दिशांमधला फरक ‘रोटेशनल डिफरन्स’ने मोजायचा आणि तो रेस्ट पोझच्या पुढे गेला की की हळूहळू चढवायची. आर्मेचर मॉडिफायर मेश गुळगुळीत करणाऱ्या सबडिव्हिजनच्या वर असू द्या, खाली टाकला तर हे सगळं खरबरीत दिसतं.

आता दिंडीतल्या बाकीच्या वारकऱ्यांना याच शरीरावरून वेट जातात. काखेतली बाही तेवढी प्रत्येकाची वेगळी तपासावी लागते.