शेवटचा दिसलेला बाण

सान्तियागोची वाट, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो शहरापर्यंतची ख्रिस्ती पदयात्रा, म्हटलं की लोक आधी अंतर विचारतात. फ्रान्समधल्या, स्पेनच्या सीमेलगतच्या सेंट-झाँ-पिए-द-पोर गावातून निघालं तर सान्तियागोतल्या, येशूचा प्रेषित याकोब याच्या कबरीपर्यंत साधारण ७८० किलोमीटर पायी. मी मात्र निघण्याआधी स्वतःला वेगळं विचारतो, की आपण कोणाच्या सांगण्यावरून निघतोय? याकोब आणि त्याचा भाऊ योहान तारवात जाळी नीट करत बसले होते. प्रभू येशूने हाक मारली आणि ते तारू आणि बाप दोघांना सोडून त्याच्या मागे गेले (बायबल, मत्तय ४:२१-२२). कुठे पोहोचायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढे हेरोद राजाने याकोबाला तलवारीने मारवलं (प्रेषितांची कृत्ये १२:२). अशा माणसाच्या कबरीकडे जायचं तर चालणं हाच आज्ञापालनाचा सराव व्हायला हवा. मी ही वाट तशीच चालतो.

तयारी घरीच सुरू होते, आणि ती बुटांपासून होत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करून ये, असं प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). म्हणून मी एक कागद घेतो. कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत, कोणाशी बोलणं तुटलंय, घरातलं कोणतं काम माझ्या जाण्याने दुसऱ्याच्या अंगावर पडणार आहे, हे सगळं नावानिशी लिहितो आणि निघण्याआधी जेवढं निस्तरता येईल तेवढं निस्तरतो. पापनिवेदनही, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करणं, तेव्हाच करतो. यात एक धोका आहे. आजारी आईवडिलांना टाळण्यासाठीही माणूस नवस बोलू शकतो. ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलेल्या पैशाच्या आडून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने कडक शब्दांत झापलं आहे (मार्क ७:९-१३). घरी गरज असेल तर वारी पुढे ढकलायची. तेच आज्ञापालन.

सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवायचं. साठ किलोच्या माणसाने सहा किलो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हेही त्यातच धरायचं. कपड्यांचे दोन जोड, हलकी झोपपिशवी, पावसाळी कोट, पायांची औषधं, आणि स्तोत्रांसह छापलेला छोटा नवा करार (बायबलचा दुसरा भाग). बारा शिष्यांना पाठवताना येशूने काठीशिवाय काही घेऊ नका म्हटलं होतं (मार्क ६:८-९), ते आठवलं की सॅकमध्ये भीतीपोटी कोंबलेल्या वस्तू बरोबर ओळखू येतात. तिसरा जोड आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेलं बहुतेक सगळं त्यातलंच.

पहिलाच दिवस अवघड असतो. सीमेपलीकडच्या रोन्सेस्वायेस गावापर्यंत सुमारे २५ किलोमीटर, त्यात हजार मीटरहून अधिक चढ आणि शेवटी गुडघे बोलायला लावणारा उतार. डोंगरावरचा रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो. तेव्हा खालून वालकार्लोसच्या खोऱ्यातून जायचं. आकाश निरभ्र दिसलं म्हणून ही बंदी मोडणारे निघतातच. बर्फात आणि धुक्यात अडकले की त्यांना शोधायला दुसऱ्यांना जीव धोक्यात घालावा लागतो. देवाचं ऐकणारा माणूस फाट्यावरच्या पाटीचंही ऐकतो असं मला ठामपणे वाटतं.

पहिले चार दिवस वीस किलोमीटरच्या आसपास थांबावं. पायात जोर असतो, मनात उत्साह असतो, आणि नेमक्या याच दिवसांत तीस-पस्तीस किलोमीटर चालून नडगीच्या आणि टाचेमागच्या कंडरा सुजतात. स्नायू लवकर सरावतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात, म्हणून दुखणं तीन-चार दिवसांनी उगवतं. सांगितल्यापेक्षा जास्त करून दाखवायचा हा मोह इस्राएलच्या शौल राजालाही झाला. देवाने सांगितलं होतं ते अर्धवट ठेवलं आणि न सांगितलेल्या यज्ञासाठी उत्तम गुरं राखून ठेवली. संदेष्टा शमुवेलाने त्याला सुनावलं की यज्ञापेक्षा ऐकणं बरं (१ शमुवेल १५:२२). अनवाणी चालण्याचे, उपाशी चालण्याचे नवसही मला याच जातीचे वाटतात. मागितलेलं असतं रोजचं ऐकणं, आणि आपण देतो एखादा पराक्रम.

फोडांविषयी नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडतात. ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आली की कातडीचे थर सुटतात. टाच, करंगळी आणि अंगठ्याची बाजू या ठरलेल्या जागा. चालून पाय सुजतो, म्हणून बूट अर्धा ते एक नंबर मोठे घ्यावेत. दर दोन तासांनी मोजे काढून पाय वाळवावेत आणि सुका जोड चढवावा. पण खरी मेख वेळेची आहे. फोड येण्याआधी ती जागा चुरचुरते, गरम लागते. त्या क्षणी थांबून चिकटपट्टी लावली तर पाच मिनिटांत काम होतं. ‘पुढच्या गावात बघू’ म्हटलं की फोड आलाच. फोडावरची कातडी कापू नये, ती मलमपट्टीचंच काम करते. सद्सद्विवेकाची टोचणीही अशीच अगदी हलक्याने सुरू होते. वाटेत बोललेला तिखट शब्द, लपवलेली छोटी गोष्ट त्याच तासाला कबूल करून माफी मागितली तर सोपं जातं. रात्रीपर्यंत ठेवलं की मन तिच्यासाठी कारणं तयार करतं.

वाट दाखवतात पिवळे बाण. याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात ते रंगवायला सुरुवात केली. दगडांवर, भिंतींवर, खांबांवर ते असतात आणि एका वेळी फक्त पुढचं वळण सांगतात. बराच वेळ बाण दिसला नाही तर अंदाजाने आडवाट धरू नये. शेवटचा बाण जिथे दिसला होता तिथे परत जावं. पाच-दहा मिनिटं जातात, पण वाट सापडते. प्रार्थनेत काहीच उमगेनासं झालं की मी हेच करतो. देवाने शेवटचं स्पष्टपणे काय सांगितलं होतं आणि ते मी पाळलं का, हे आधी बघतो. बहुतेक वेळा नवा आदेश मिळत नाही, कारण जुना तसाच पडलेला असतो.

प्रार्थना संध्याकाळवर ठेवली की बुडते. दमलेला माणूस जेवतो आणि झोपतो. म्हणून चालण्याचा पहिला तास मौनाचा. ११९ व्या स्तोत्राचे आठ-आठ ओव्यांचे २२ भाग आहेत, रोज एक भाग वाचून त्यातली एक ओवी पावलांबरोबर म्हणत राहायची. चढावर दम लागतो, तिथे ‘प्रभू, दया कर’ एवढंच पुरतं. यरुशलेमला वर चढून जाताना गायची १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यात्रेकरूंचीच आहेत. ती मोठ्याने म्हणावीत.

बुर्गोस ते लेओन या शहरांमधलं पठार येतं तेव्हा उत्साह संपलेला असतो. सपाट, बिनसावलीची वाट. कारियोन गावानंतर तर सुमारे १७ किलोमीटर गावच नाही, तेव्हा पाणी आधीच भरून घ्यायचं. प्रार्थनाही कोरडी पडते. अशा वेळी ती सोडायची नाही, लांबवायचीही नाही. वेळ तीच ठेवून शब्द कमी करायचे. इथे आणखी एक गोष्ट बिघडते. थकलेलं मन आपल्याच इच्छेला ‘देवाने सांगितलं’ असं नाव देतं. मी तीन गोष्टी तपासतो: पवित्र शास्त्राशी जुळतंय का, जाणत्या विश्वासू माणसाला पटतंय का, आणि याची किंमत दुसराच कोणी मोजणार नाही ना. तरीही एक रात्र जाऊ द्यावी.

मुक्कामाच्या धर्मशाळांत ठरलेले नियम असतात. बहुतेक ठिकाणी रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठपर्यंत जागा रिकामी. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा इथे फार ठोस होते. खालचा पलंग वयस्क माणसाला द्यायचा, पिशव्या रात्रीच भरून ठेवायच्या म्हणजे पहाटे खडखड होत नाही, घोरणाऱ्यावर चिडायचं नाही. कोण किती चालला, कोणी सॅक गाडीने पुढे पाठवली, हे मोजत बसायचं नाही. शिष्य पेत्राने योहानाविषयी विचारलं तेव्हा प्रभूने ‘तुला त्याचं काय?’ असंच उत्तर दिलं (योहान २१:२२).

शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये वारीच्या पुस्तिकेवर रोज दोन शिक्के घ्यावे लागतात, तरच सान्तियागोत कंपोस्तेला हे प्रमाणपत्र मिळतं. तिथे येण्याचं कारण विचारतात. मी धार्मिक असं लिहितो. मग घरून आणलेला कागद काढतो आणि समेट राहून गेलेल्या नावांना परतायच्या आधी पत्र किंवा फोन करतो. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका विश्वासू माणसाशी महिन्यातून एक वेळ ठरवून टाकतो. कोणती आज्ञा पाळली, कोणती टाळली, हे त्याला मोकळेपणाने सांगायचं. पहिल्या महिन्याची तारीख फोनवरच ठरवावी, नाहीतर ते राहून जातं.